प्लग धरून बसतो तेव्हा

अमरावतीहून निघालेली पेट्रोल गाडी बडनेरा, मूर्तिजापूर मागे टाकत दोनेक तासांत अकोल्याला पोहोचते. तेवढ्या वेळात तिच्या एकेका स्पार्क प्लगने किती ठिणग्या टाकल्या, हा हिशेब कोणालाही करता येईल. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला सरासरी 2500 फेरे घेत असेल तर मिनिटाला 1250 ठिणग्या आणि दोन तासांत दीड लाख. सिलिंडर चार असतील तर सगळ्यांच्या मिळून सहा लाख. प्रत्येक ठिणगीनंतर दोन हजार अंश सेल्सिअसच्या वरचा भडका उडतो आणि लगेच हवा-पेट्रोलचा गार झोत आत येतो. एवढा मार खात प्लग वर्षानुवर्षे त्याच भोकात बसलेला असतो.

याच रस्त्याची 2022 च्या जूनमध्ये गिनीज बुकात नोंद झाली. राष्ट्रीय महामार्ग 53 वर लोणी ते माना या पट्ट्यात एका मार्गिकेवर 75 किलोमीटर लांबीचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला गेला. रस्ता गुळगुळीत झाला, अमरावती-अकोला फेऱ्या वाढल्या आणि गाड्यांच्या मीटरवर किलोमीटर भराभर चढू लागले. त्याच्या कितीतरी आधीपासून प्लगही बदलत आले आहेत. पूर्वी दर काही हजार किलोमीटरला प्लग काढायचा, टोक घासायचे, गॅप पाहायचा आणि परत बसवायचा, अशी रीत होती. आजचा साधा निकेल टोकाचा प्लग वीस ते चाळीस हजार किलोमीटर चालतो आणि इरिडियमचा लाखाच्या घरात जातो. म्हणजे जो प्लग वर्षातून दोनदा तरी हलायचा, तो आता सहा-सात वर्षे जागचा हलत नाही. आणि मग ज्या दिवशी पाना लागतो, त्या दिवशी तो हलायचे नाव घेत नाही. प्लग टिकाऊ झाले आणि त्याच कारणाने ते जास्त जाम होऊ लागले.

असा प्लग न मोडता कसा काढायचा, हे या प्रकरणात पाहू. पण त्याआधी तो मोडतो कुठे आणि त्याला धरून कोण बसलेले असते, हे माहीत असायला हवे. ते कळले की काढण्याचे काम निम्मे झाले.

प्लग मोडतो कुठे?

विजेच्या ठिणगीने इंजिन पेटवण्याची युक्ती जुनी आहे. एतिएन लेन्वार याने 1860 च्या सुमारास आपल्या गॅस इंजिनात ती वापरली होती. पण मोटारगाडीला भरवशाचा प्लग मिळाला तो 1902 मध्ये. जर्मनीतल्या बॉश कंपनीतील गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला प्लग तयार केला. आपल्याकडे बॉशची कंपनी 1951 मध्ये ‘मोटर इंडस्ट्रीज कंपनी’ म्हणून सुरू झाली आणि तिच्या आद्याक्षरांवरून ‘मायको’ हे नाव गॅरेजागॅरेजांत रुळले. 2008 मध्ये कंपनीने नाव बदलून बॉश केले, पण जुन्या मिस्त्रींच्या तोंडी मायको तसाच राहिला.

शंभर-सव्वाशे वर्षांत प्लगची मूळ बांधणी फारशी बदललेली नाही. मधोमध धातूची कांडी, तिच्याभोवती पांढऱ्या चिनी मातीसारखे दिसणारे इन्सुलेटर आणि त्याच्याभोवती पोलादी कवच. कवचावर वर पाना लावायचा षटकोन, खाली आटे आणि दोहोंच्या मध्ये वॉशर बसतो. पांढरा भाग असतो ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा. कठीणपणाच्या मोहस् मापावर ॲल्युमिना 9 वर आहे आणि हिरा 10 वर. दाब तो भरपूर सोसतो, पण आडवा ताण त्याला मुळीच सोसत नाही. पाना जरा कलला की त्याची कड इन्सुलेटरला टेकते आणि ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. मोडण्याची पहिली जागा ही.

दुसरी जागा षटकोनाच्या खाली, जिथे कवच बारीक होते. आटे खाली पकडलेले, षटकोन वर फिरतोय, अशा वेळी सगळा पीळ त्या गळ्यावर येतो. तिथे तुटले तर षटकोन हातात येतो आणि आटे हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, राहतात. तिसरा प्रकार प्लगच्या नव्हे, हेडच्या मोडण्याचा. प्लग अखंड बाहेर येतो, पण सोबत हेडमधले ॲल्युमिनिअमचे आटे तारेसारखे गुंडाळून घेऊन येतो. ‘आटे गेले’ हे दोन शब्द गॅरेजात कोणाला ऐकायला आवडत नाहीत ते यामुळेच. प्लग काही शे रुपयांत येतो, हेडचे काम मात्र हजारांत जाते.

धरून बसणारे चार जण

पहिला म्हणजे आधी बसवणाऱ्याचा हात. 14 मिलिमीटर आट्यांचा, वॉशरवाला प्लग ॲल्युमिनिअमच्या हेडमध्ये 25 ते 30 न्यूटन-मीटर एवढ्याच पिळाने आवळायचा असतो. 25 सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला साधारण 11 किलोचा जोर दिला की हा पीळ पुरा होतो. आता दांड्यावर पाइप चढवून तो अर्ध्या मीटरचा केला आणि त्यावर 30 किलोचा भार टाकला तर पीळ जवळजवळ 150 न्यूटन-मीटर होतो, म्हणजे हवा त्याच्या पाचपट. ‘पुन्हा ढिला नको पडायला’ म्हणून मागच्या वेळी कोणी तरी असा आवळलेला प्लग पुढच्या माणसाच्या नशिबी येतो.

दुसरा गंज. प्लग पोलादी, हेड ॲल्युमिनिअमचे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये ओलावा आला की त्यांची बारीकशी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनिअम झिजू लागते. पाण्यात मीठ असेल तर हे काम झपाट्याने होते. इथे वऱ्हाडाचा भूगोल आड येतो. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा म्हणजे दर्यापूर, भातकुली, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या भागातल्या भूगर्भाचे पाणी क्षारांनी भरलेले. बोअरच्या त्याच पाण्याने गाडी धुतली आणि उत्साहाच्या भरात बॉनेट उघडून इंजिनावरही फवारा मारला, तर आजच्या इंजिनांत ते पाणी प्लगच्या खोल विहिरीत उतरते. पाणी उडून जाते, क्षार खाली राहतात. वॉशर नीट बसलेला असेल तर ते आट्यांपर्यंत सहसा पोहोचत नाहीत, पण षटकोन गंजून गोल होतो आणि पाना धरायला कड उरत नाही. वॉशर ढिला असेल तर मग आटेही गेलेच समजा. म्हणून या पट्ट्यात इंजिन धुऊ नये, ओल्या फडक्याने पुसावे.

तिसरा काजळी. प्लगचे खालचे टोक ज्वलनाच्या कोठीत असते. चुकीचा, म्हणजे लांब आट्यांचा प्लग बसवला असेल तर दोन-तीन आटे आत उघडे लोंबतात आणि त्यांवर कार्बनचा कडक थर बसतो. काढताना तो थर हेडच्या आट्यांतून ओढत आणावा लागतो. काजळी काय करू शकते याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. फोर्ड कंपनीच्या 2004 ते 2008 या वर्षांतल्या 5.4 लिटर ट्रायटन इंजिनात प्लगचा खालचा भाग लांब नळीसारखा होता आणि तो वरच्या भागाला वेगळा जोडलेला होता. नळीभोवती काजळी बसली की पाना फिरवताच वरचा भाग सुटून हातात येई आणि नळी हेडमध्येच अडकून राही. इतके प्लग तुटले की कंपनीला ते काढण्याची रीत मेकॅनिकांसाठी लिहून द्यावी लागली आणि तुटलेली नळी ओढून काढणारी खास हत्यारे बाजारात आली. त्या रीतीकडे आपण पुढे येणार आहोत.

चौथा म्हणजे घाण आणि धूळ. काळ्या मातीची बारीक धूळ, कापसाच्या हंगामात उडणारे तंतू आणि व्हॉल्व्ह कव्हरच्या कुजलेल्या सीलमधून झिरपणारे तेल प्लगच्या विहिरीत साचते. त्याचा चिखल होऊन गोटी, म्हणजे षटकोनावर बसणारे पान्याचे पोकळ तोंड, पुरती खाली बसतच नाही. ती अर्ध्या षटकोनावर धरते, सरकते आणि कडा खाऊन टाकते.

तेव्हा प्लग हलत नाही असे दिसले की पहिला प्रश्न हा पाहिजे: याला या चौघांपैकी कोणी धरले आहे? जास्त आवळलेला प्लग एकदा सुटला की पुढे सहज फिरतो. गंजलेला सुरुवातीपासून शेवटपर्यंत करकरतो. काजळीवाला आधी छान फिरतो आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर अडतो. हाताला लागणारा हा फरक ध्यानात राहिला तर उपाय आपोआप सुचतो.

गरम इंजिन की गार?

या प्रश्नावर मिस्त्रींमध्ये दोन तट आहेत आणि दोघांकडेही थोडे थोडे खरे आहे.

गरम काढा म्हणणाऱ्यांचा आधार धातूच्या फुगण्याचा. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना लोहार ती आधी आरात लाल करतो. धाव फुगते, चाकावर सहज बसते आणि पाणी ओतले की आवळून धरते. हेडचेही तसेच. ॲल्युमिनिअम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगते. 14 मिलिमीटरच्या भोकाचा हिशेब मांडला तर 30 अंशांवरून 90 अंशांवर जाताना ते सुमारे 0.019 मिलिमीटर मोठे होते आणि प्लग 0.010 मिलिमीटर. म्हणजे मोकळी जागा मिळते ती 0.009 मिलिमीटर, केसाच्या जाडीच्या आठव्या हिश्श्याएवढी. कमी वाटली तरी गंजाची पकड सुटायला तेवढी पुरू शकते.

गार काढा म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे की तापलेले ॲल्युमिनिअम मऊ पडते आणि पोलादी आटे त्याला ओरबाडतात. शिवाय नुकत्याच बंद केलेल्या इंजिनात प्लगचे टोक हेडपेक्षा अधिक तापलेले असते, त्यामुळे फुगण्याचा तो फायदा पुरता मिळतही नाही. फोर्डने लिहून दिलेल्या रीतीतही इंजिन खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पान्याला हात लावू नका, अशी स्पष्ट ताकीद आहे.

हेडचा धातू कोणता, यावरही बरेच अवलंबून आहे. जुन्या ॲम्बॅसेडरचे हेड बिडाचे होते. बीड आणि पोलाद जवळपास सारखेच फुगतात आणि बिडाचे आटे दणकट, त्यामुळे त्या गाडीवर जोर खपून जाई. 14 डिसेंबर 1983 ला मारुती 800 रस्त्यावर आली, तिचे 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन ॲल्युमिनिअमच्या हेडचे. तिच्यानंतर आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांत ॲल्युमिनिअमच रूढ झाले. ॲम्बॅसेडरवर शिकलेल्या हातांनी नव्या गाड्यांचे कितीतरी आटे घालवले असतील. हात तोच होता, धातू बदलला होता.

व्यवहारात सांगायचे तर पहिला प्रयत्न गार इंजिनावर करावा. त्याने दाद दिली नाही तर तेल सोडून रात्रभर थांबावे. तरीही नाहीच, तर इंजिन दोन-चार मिनिटे चालवून, हेडला हात टेकवता येईल इतके कोमट असताना पुन्हा पाहावे. कडकडीत तापलेल्या इंजिनावर मात्र कधीही नाही.

आता ‘गार’ म्हणजे काय, हेही वऱ्हाडात सांगावे लागते. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. 2024 च्या मे अखेरीस तर उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हा प्रशासनाला कलम 144 लागू करावे लागले होते. अशा दुपारी उन्हात उभ्या गाडीचे इंजिन चार तास बंद असले तरी गार नसते. उन्हाळ्यात हे काम सकाळी सहा-सातला, रात्रभर सावलीत उभ्या असलेल्या गाडीवर करावे.

पाना लावण्याआधी

गाडी सपाट जागी उभी करा, चावी काढा आणि बॅटरीची ऋण तार सोडवा. सीएनजी गाडी असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. मग इग्निशन कॉइल काढा. तिचा एक बोल्ट सुटला की ती थोडी डावी-उजवीकडे फिरवून सरळ वर ओढायची. वायर धरून ओढू नका. जुन्या गाडीत प्लगच्या वायरी असतील तर कोणती वायर कोणत्या सिलिंडरची, ते चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

यानंतर विहिरीत कॉम्प्रेसरची हवा मारा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण खालची वाळू सरळ तोंडावर येते. कॉम्प्रेसर नसेल तर पंक्चरवाल्याकडे जाऊन हे एक काम करून घ्या, पण टाळू नका. प्लग निघाल्यावर विहिरीतली धूळ थेट सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टनसोबत वरखाली घासत राहते.

आता गोटी. जुन्या 14 मिलिमीटरच्या प्लगला साधारण 21 ची गोटी लागते, पुढच्या पिढीच्या प्लगला 16 ची आणि हल्लीच्या काही सडपातळ प्लगना 14 ची. षटकोनाला सहा कोनी गोटीच घ्यावी. बारा कोनी गोटी कडांवर टेकते आणि गंजलेला षटकोन गोल करून टाकते. मात्र काही परदेशी गाड्यांच्या प्लगचे डोकेच बारा कोनी असते, त्यांना तीच लागते. गोटीच्या आत रबर किंवा चुंबक असावे, म्हणजे इन्सुलेटरला आधार मिळतो आणि सुटलेला प्लग वर उचलता येतो. एक्स्टेंशन सरळ हवे. सांध्याची वाकडी जोडणी प्लग सुटल्यानंतर चालेल, पहिल्या पिळाला चालणार नाही, कारण तिथेच गोटी कलते.

भेदक तेल म्हणून बाजारात फवाऱ्याचे डबे मिळतात. ते नसेल तर डिझेलवर भागवणारे मिस्त्रीही आहेत. प्लगच्या बुडाशी, षटकोन आणि हेड यांच्या फटीत थोडेसेच सोडायचे, विहीर भरायची नाही. कार्बोरेटर क्लीनर वापरणार असाल तर तो पेट घेतो हे लक्षात ठेवा. विडी-सिगारेट लांब ठेवा आणि तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर तो पडू देऊ नका.

मग थांबा. निदान पंधरा मिनिटे, जमल्यास रात्रभर. हे थांबणेच बहुतेकांना जमत नाही. वऱ्हाडातला जुना मिस्त्री हाताखालच्या पोराला सांगतो, “प्लगले तेल पाज अन् चहा पिऊन ये.” तेल आट्यांच्या फटींतून आपल्या गतीने उतरते. पान्याचा जोर वाढवून ती गती वाढत नाही.

थोडा सैल, थोडा घट्ट

गोटी पूर्ण खाली बसली आहे ना, हे बोटाने चाचपून पाहा. एक तळहात रॅचेटच्या डोक्यावर ठेवा आणि सरळ खाली दाबून धरा. दुसऱ्या हाताने दांडा घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेला ओढा. धक्का द्यायचा नाही, जोर हळूहळू वाढवत न्यायचा. वरचा हात कलू देत नाही आणि खालचा हात फिरवतो, अशी कामाची वाटणी असते. ज्यांच्या हातून इन्सुलेटर मोडतात, ते बहुधा एकाच हाताने काम करत असतात.

पहिल्यांदा सुटताना दोन प्रकारचे आवाज येतात. कोरडा, खणखणीत ‘टक्’ आला आणि पाना एकदम हलका झाला तर वॉशरची पकड सुटली आहे, ही चांगली खूण. पण आवाज न येता पाना रबरासारखा थोडा थोडा येत राहिला, तर थांबा. एक तर प्लगचा गळा पिळवटतोय, नाही तर आटे चालले आहेत.

सुटलेला प्लग लगेच फिरवत सुटायचे नाही. फोर्डच्या त्या रीतीचे सार इथे कामी येते. आधी फेऱ्याचा आठवा भाग ते फार तर पाव फेरा सैल करायचा. मग पातळ क्लीनर सोडायचा आणि पंधरा मिनिटे थांबायचे. आता वॉशरखाली फट झालेली असते, त्यामुळे आधी न पोहोचलेला द्रव आट्यांत उतरतो. त्यानंतर थोडा घट्ट, थोडा सैल, असे करत जायचे. करकर वाढली की मागे फिरायचे, पुन्हा दोन थेंब आणि पुन्हा पुढे. प्रत्येक वेळी थोडे अधिक अंतर मिळते. घट्ट करण्याचा तो उलटा फेरा महत्त्वाचा, कारण त्यामुळे आट्यांतला चुरा बाजूला सरकतो. तो एकाच दिशेने रेटला तर पाचरीसारखा अडकतो.

उतावळा शिकाऊ दांड्यावर पाइप चढवायला निघाला की मिस्त्री ओरडतो, “थांब ना भाऊ, काहून जोर लावून राह्यला? आटे जातीन ना!” पाइप, हातोडा आणि हवेवर चालणारी इम्पॅक्ट गन, तिन्ही या कामातून वर्ज्य. इम्पॅक्ट गन चाकाच्या नटाला ठीक, पण तिच्या ठोक्यांत हाताला काहीच कळत नाही आणि इथे तर सगळे कळते ते हातालाच.

प्लग आट्यांतून सुटला की वर उचलण्याआधी पुन्हा एकदा हवा मारा किंवा सिरिंजला नळी लावून साचलेले तेल ओढून घ्या. नाही तर ते सगळे सिलिंडरमध्ये ओघळते. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने ओळीत मांडा, कारण प्रत्येक प्लग आपल्या कोठीची खबर देतो. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळे ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर कोंदला आहे. ओलसर, तेलकट काळे असेल तर तेल वर चढते आहे. पांढरे, फोड आल्यासारखे असेल तर इंजिन वाजवीपेक्षा तापते आहे.

तुटलाच तर

नुसता इन्सुलेटर तुटला असेल तर घाबरायचे कारण नाही. षटकोन शाबूत आहे. आधी विहिरीतले सगळे तुकडे व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि मगच गोटी लावा. ॲल्युमिनाचा तांदळाएवढा तुकडासुद्धा सिलिंडरमध्ये गेला तर त्याच्या भिंतीवर ओरखडे काढतो, कारण ती भिंत त्याच्यापेक्षा कितीतरी मऊ असते.

गळा तुटून आटे आत राहिले तर काम घरचे उरत नाही. अनुभवी मिस्त्री त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला वर आणतो. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, त्यामुळे काही पडलेच तर पिस्टनच्या माथ्यावर राहते आणि ओढून काढता येते. उरलेल्या पोकळ कवचात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर बसवून तो डावीकडे फिरवतात. टोकाला ग्रीस लावलेले असते, म्हणजे चुरा त्याला चिकटतो. शेवटी बारीक कॅमेरा आत सोडून पाहतात. तुकडा दिसला आणि निघत नसेल, तर हेड उतरवणे हाच मार्ग.

हेडचे आटे गेले असतील तर भोक मोठे करून, नवे आटे पाडून त्यात स्टेनलेस स्टीलच्या तारेचे वेटोळे, म्हणजे हेलिकॉइल, किंवा भरीव बुश बसवतात. प्लग वारंवार काढावा लागतो, म्हणून या जागी बुश अधिक भरवशाचा. अमरावती आणि अकोला दोन्ही शहरांत हेडचे काम करणारे कारागीर आहेत. हेड न उतरवता आटे पाडणारा टॅप मारत असतील, तर टॅपच्या खाचांत ग्रीस भरले आहे का, एवढे नक्की विचारा.

नवा बसवताना

पुढचा जाम प्लग आज बसवतानाच तयार होतो, म्हणून हे चार शब्द. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचाच प्लग घ्या, कारण आट्यांची लांबी त्यावर ठरते. गॅप तपासा, पण इरिडियमचे टोक घासू किंवा वाकवू नका. पहिले दोन-तीन फेरे हाताने द्या. प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळी घालून फिरवले तर आटे वाकडे धरताच नळी घसरते आणि हेड वाचते.

14 मिलिमीटरच्या प्लगचा 25 ते 30 न्यूटन-मीटरचा आकडा वर आलाच आहे. 12 मिलिमीटरला ॲल्युमिनिअममध्ये 15 ते 20 आणि 10 मिलिमीटरला 10 ते 12 पुरतो. टॉर्क रेंच नसेल तर वॉशरवाला नवा 14 मिलिमीटरचा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवावा आणि मग अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा. वापरलेला प्लग परत बसवताना फेऱ्याचा बारावा भाग पुरे, कारण वॉशर आधीच दबलेला असतो. वॉशर नसलेल्या, शंकूच्या बैठकीच्या प्लगला तर सोळावा भागच.

आट्यांना चांदीसारखे अँटी-सीझ लावावे का, हा नेहमीचा प्रश्न. एनजीकेसारख्या उत्पादकांचे उत्तर ‘नको’ असे आहे. त्यांच्या प्लगच्या आट्यांवर गंज रोखणारा मुलामा असतोच, आणि वरून वंगण लावले की तेवढ्याच पिळात प्लग फार जास्त आवळला जातो आणि कवच ताणले जाते. लावायचेच असेल तर पीळ सुमारे 30 टक्के कमी करावा लागतो. साध्या पान्याने काम करणाऱ्याने हा हिशेब करत बसण्यापेक्षा आटे कोरडे आणि स्वच्छ ठेवावेत.

एकूण पाहता जाम प्लगच्या कामात जोराचा वाटा सगळ्यात कमी. खरे काम करतात ते स्वच्छता, सरळ पाना आणि थांबण्याची तयारी. म्हणून तुमच्या गाडीचे प्लग लाख किलोमीटरचे असले, तरी तेवढी वाट पाहू नका. दिवाळीनंतरच्या एखाद्या थंड सकाळी, दोन वर्षांतून एकदा, ते सैल करून, पुसून, योग्य पिळाने परत बसवून घ्या आणि तारीख व मीटरचा आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. गाडी गॅरेजात देत असाल तर ‘प्लग टॉर्क रेंचने बसवा’ असे आधीच सांगा. चांगला मिस्त्री याचा राग मानत नाही; आणि जो मानेल, त्याच्याकडे गाडी देऊ नका.